ग्नूकॅश आणि बँकेची फाइल: मसाल्याच्या धंद्यातला दोन वर्षांचा अनुभव

आमचा धंदा लहान आहे. दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत वहिनी आणि मी गोडा मसाला, मेतकूट, थालिपिठाची भाजणी करतो. उन्हाळ्यात तिखट-हळद, दिवाळीच्या आधी चकलीची भाजणी आणि अनारशाचं पीठ. गिऱ्हाईक निम्मं बडोद्यातलं मराठी, निम्मं गुजराती. पूर्वी सगळे रोख द्यायचे. आता पाव किलो मेतकुटाचेही पैसे क्यूआरवर येतात. त्यामुळे माझी रोकडवही पातळ होत गेली आणि बँकेचं स्टेटमेंट जाड. महिन्याला दोनशे-अडीचशे नोंदी. त्या एकेक करून हाताने उतरवायच्या म्हणजे महिन्याचे दोन दिवस जायचे, आणि एवढं करून मार्चअखेर कुठेतरी बत्तीस रुपयांचा फरक राहायचाच.

माझे वडील मांडवीजवळच्या एका कापडाच्या पेढीवर नामं, म्हणजे हिशेब, लिहायचे. लाल कापडाच्या बांधणीची लांब वही, दिवाळीला तिची पूजा, आणि रोज संध्याकाळी रोजमेळ, म्हणजे दिवसभराच्या रोकडीचा हिशेब, जुळल्याशिवाय बैठकीवरून उठायचं नाही हा शिरस्ता. मी बीकॉम झाले, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात बावीस वर्षं हिशेब पाहिले, पण मनात पक्कं बसलंय ते त्यांचंच: फरक एक रुपयाचा असो की हजाराचा, तो फरकच. म्हणून एखादं सॉफ्टवेअर चांगलं की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते. बँकेची फाइल आत घेतल्यावर पुस्तकातली शिल्लक आणि बँकेतली शिल्लक पैशापैशाने जुळते का, आणि नाही जुळली तर चूक कुठे आहे ते मला सापडतं का.

ग्नूकॅश हे हिशेबाचं सॉफ्टवेअर भाच्याने लॅपटॉपवर घालून दिलं. "आत्या, हे मोफत आहे आणि तुझ्या दुहेरी नोंदीवालंच आहे," एवढंच तो म्हणाला. दुहेरी नोंद म्हणजे प्रत्येक रक्कम दोन खात्यांत लिहायची: एकात कुठून आली, दुसऱ्यात कुठे गेली. हे खुलं सॉफ्टवेअर आहे, पहिली पक्की आवृत्ती १९९८ सालची. विंडोजवर ते २००७ पासून चालतं. इंटरनेटची गरज फक्त उतरवून घेताना. हिशेबाची फाइल आपल्याच लॅपटॉपवर राहते, नेट बँकिंगचा पासवर्ड त्याला द्यावा लागत नाही. बँकेच्या साइटवरून फाइल आपण आणायची आणि त्याच्यापुढे ठेवायची. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

खात्यांची नावं मी देवनागरीत ठेवली आहेत: रोकड, चालू खातं, मिरची खरेदी, धणे-खोबरं खरेदी, पाकिटं-लेबलं, कुरिअर, मसाला विक्री, भाजणी विक्री, बँक खर्च. काही अडत नाही, छापील अहवालातही नीट येतात.

आता मूळ मुद्दा. बँकेची फाइल म्हणजे अर्धीच नोंद असते. अमुक तारखेला साडेतीन हजार गेले, एवढं बँक सांगते. ते मिरचीचे गेले की कुरिअरचे, हे बँकेला माहीत नसतं. दुहेरी नोंदीत दुसरी बाजू लागतेच, आणि ती भरण्याचं काम कोणतं सॉफ्टवेअर किती समजुतीने करतं, त्यात खरी परीक्षा आहे.

फाइल मेनूतून इम्पोर्ट, त्यात सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने सुटे केलेली साध्या मजकुराची फाइल) व्यवहार निवडले की ग्नूकॅश फाइल जशीच्या तशी पडद्यावर मांडतं. आमच्या चालू खात्याच्या फाइलीत वरच्या वीसेक ओळी नाव, पत्ता, शाखा, आयएफएससी असल्या असतात आणि शेवटी संक्षेपांचे अर्थ दिलेले असतात. वरच्या किती ओळी सोडायच्या, खालच्या किती, हे आकडे टाकायला चौकटी आहेत. मग प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर तो कशाचा आहे ते निवडायचं: तारीख, तपशील, चेक नंबर, रक्कम. तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा सांगायचा, आकड्यात दशांशाला टिंब वापरलंय हे सांगायचं, आणि फाइल कोणत्या खात्याची ते निवडायचं. ज्या ओळीत काही बिनसलंय ती तिथेच उठून दिसते, पुढे जाऊ देत नाही. एकदा सगळं बसलं की ही जुळणी नाव देऊन जपून ठेवता येते. माझ्याकडे 'चालू खातं' नावाने ती आहे. पुढच्या महिन्यात नाव निवडलं की सगळे रकाने आपापल्या जागी बसतात. पहिल्या वेळी मला पाऊण तास लागला होता, आता दोन मिनिटं.

इथे एक जागा अशी आहे जिथे नवा माणूस हमखास अडखळतो: जमा (क्रेडिट) आणि नावे (डेबिट). स्टेटमेंटवर पैसे काढले की 'डेबिट' आणि भरले की 'क्रेडिट' लिहिलेलं असतं, कारण ते बँकेच्या वहीतलं आपलं खातं आहे. आपण भरलेले पैसे बँक आपल्याला देणं लागते, म्हणून तिच्या वहीत ते जमा. आपल्या वहीत मात्र बँक ही आपली मालमत्ता, तिथे आलेला पैसा नावे पडतो. वडील मला हे शिकवताना समोरासमोर बसून दोन वह्या उघडायचे, एक स्वतःकडे तोंड करून आणि एक माझ्याकडे. ग्नूकॅशच्या नव्या आवृत्त्यांत पैसे आले त्या रकान्याला 'अमाउंट' आणि गेले त्या रकान्याला 'अमाउंट निगेटेड' असं निवडायचं असतं. जुन्या आवृत्त्यांत 'डिपॉझिट' आणि 'विड्रॉल' असे शब्द होते. मला जुने शब्द जास्त आवडत होते, घरच्या माणसाला ते लगेच कळायचे. दोन्ही रकाने उलटे निवडले तर सॉफ्टवेअर काही बोलत नाही, फक्त तुमची शिल्लक उणे दिसायला लागते.

यानंतर येतो तो जुळवणीचा पडदा, आणि माझ्या मते या सॉफ्टवेअरचा जीव तिथे आहे. प्रत्येक नोंद एका ओळीत, समोर तीन चौकटी: नवी म्हणून घाला, आधीची आहे ती दुरुस्त करून पक्की करा, किंवा आधीची आहे तशीच पक्की करा. दुसरी बाजू ठरलेली नोंद हिरवी, ठरायची असलेली पिवळी, न घेतली जाणारी लालसर. पिवळ्या ओळीवर दोनदा क्लिक केलं की खात्यांची यादी उघडते, त्यातून निवडायचं. एकाच प्रकारच्या वीस ओळी असल्या तर सगळ्या एकत्र निवडून उजव्या क्लिकने एका फटक्यात खातं देता येतं. तसंच सोडून दिलं तर ती रक्कम 'इम्बॅलन्स-आयएनआर' नावाच्या खात्यात जाऊन पडते. सुरुवातीला मी याला घाबरले होते, पण खरं तर ही सोय आहे. जुन्या वहीत जशी उचंत, म्हणजे तात्पुरत्या खात्याची ओळ असायची तशी; नंतर निवांत बसून एकेक रक्कम मार्गी लावायची.

पहिल्या महिन्यात जवळजवळ सगळ्या ओळी पिवळ्या होत्या. दुसऱ्या महिन्यात निम्म्या हिरव्या आल्या, चौथ्या महिन्यापासून मला वीस-पंचवीस ओळींनाच हात लावावा लागतो. कारण ते लक्षात ठेवतं. तपशिलातले शब्द सुटे करून कोणता शब्द कोणत्या खात्याबरोबर किती वेळा आला याचा ते हिशेब ठेवतं, आणि नव्या ओळीत तेच शब्द दिसले की संभाव्य खातं सुचवतं. यूपीआयच्या तपशिलात बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो, तो दर वेळी वेगळा, त्याचा शिकायला काही उपयोग नाही. उपयोग होतो तो समोरच्याच्या नावाचा आणि त्याच्या यूपीआय पत्त्याचा. दर तिमाहीला एसएमएसचे सतरा रुपये सत्तर पैसे कापले जातात, पंधरा रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. ती ओळ एकदा 'बँक खर्च'मध्ये टाकली, त्यानंतर कधी सांगावं लागलं नाही.

पण हे शिकणं शब्दांवरचं आहे, माणसं ओळखण्याचं नाही, आणि बडोद्यात राहणाऱ्याने हे ध्यानात ठेवायला हवं. हाथीखान्यात ज्यांच्याकडून आम्ही मिरची घेतो ते पटेल. आमच्या गिऱ्हाइकांत पटेल किती असतील ते बडोदेकरांना सांगायला नको. मार्च-एप्रिलमध्ये मिरचीचे मोठे व्यवहार झाले, आणि मे महिन्यात काय होतंय तर कुणी पटेलबाईंनी अर्धा किलो गोड्या मसाल्याचे पैसे पाठवले की ग्नूकॅश ते 'मिरची खरेदी'त घालायला निघे. ओळ हिरवी, म्हणजे नजर सहज सरकून जाते. विक्रीचे पैसे खरेदीतून वजा झाले तर नफ्याचा आकडा शेवटी तोच येतो, पण विक्री कमी आणि खरेदी कमी, दोन्ही खोटी. मला ते एका महिन्याच्या अहवालात मिरची खरेदी उणे दिसल्यामुळे कळलं. उपाय सोपा आहे. टूल्स मेनूत इम्पोर्ट मॅप एडिटर आहे. त्यात कोणता शब्द कोणत्या खात्याला चिकटलाय याची यादी दिसते आणि नको ती नोंद काढून टाकता येते. मी 'पटेल' शब्दाला मिरची खरेदीपासून सोडवलं. तेव्हापासून हिरव्या ओळीही वरून खालपर्यंत वाचते, विशेषतः आलेला पैसा खरेदीच्या खात्यात चाललाय का ते बघते.

या पडद्याचं दुसरं मोठं काम म्हणजे दुबार नोंद टाळणं. चालू खात्यातून वहिनीच्या बचत खात्यात पैसे वळवले की ती रक्कम दोन्ही बँकांच्या फाइलींत येते. पहिली फाइल घेताना मी दुसरी बाजू म्हणून बचत खातं निवडते. नंतर बचत खात्याची फाइल घेतली की ग्नूकॅश रक्कम आणि तारीख ताडून बघतं आणि ही नोंद आधीच आहे असं दाखवतं. जवळपास दर वेळी बरोबर दाखवतं. तरी एकाच दिवशी एकाच कुरिअरवाल्याला एकशे वीस रुपये दोनदा गेले असतील तर तिथे स्वतः बघावं. आणि फाइली पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत, महिन्याच्या महिन्याला घ्याव्यात. पंधरा तारखेपर्यंतची एक आणि दहा तारखेपासूनची दुसरी असलं केलं की डोक्याला ताप.

माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक तारखांची होती. ऑगस्ट २०२४ ची फाइल मी आधी स्प्रेडशीटमध्ये उघडली, वरच्या नको त्या ओळी पुसाव्यात म्हणून. त्या ग्नूकॅशमध्येच सोडता येतात हे तेव्हा ठाऊक होतं, पण पत्ता-बित्ता बघवत नव्हता. लॅपटॉपची तारीख अमेरिकी पद्धतीवर लावलेली होती. स्प्रेडशीटने ०३/०८ ला तीन ऑगस्ट न वाचता आठ मार्च असं वाचलं. मग तारखा नीट दिसाव्यात म्हणून मी पूर्ण रकान्याला दिवस-महिना-वर्ष असं रूप दिलं आणि फाइल जतन केली. झालं, तीन ऑगस्टची नोंद कायमची ०८-०३ झाली. गंमत अशी की तेरा तारखेपासून पुढच्या सगळ्या नोंदी जशाच्या तशा राहिल्या, कारण तेरावा महिना नसतोच, त्यामुळे तो मजकूर तिने तारीख म्हणून धरलाच नाही. आठ ऑगस्ट उलटा-सुलटा सारखाच. म्हणजे बिघडल्या त्या पहिल्या बारा दिवसांतल्या अकरा. एक, दोन, तीन ऑगस्टच्या नोंदी जानेवारी, फेब्रुवारी, मार्चच्या आठ तारखेला जाऊन बसल्या, म्हणजे ज्या वर्षाचा ताळेबंद सीएंकडे जाऊन आला होता त्या वर्षात. नऊ ते बारा ऑगस्टच्या नोंदी सप्टेंबर ते डिसेंबरात.

महिनाअखेरची शिल्लक जुळेना. प्रत्येक रक्कम फाइलीत होती, प्रत्येक रक्कम पुस्तकात होती, आणि तरी जुळेना. दोन रात्री मी जेवणानंतर तेच घेऊन बसत होते. शेवटी खतावणीत, म्हणजे खात्याच्या नोंदींच्या यादीत, अगदी तळाशी गेले, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला आठ डिसेंबरच्या दोन नोंदी दिसल्या. वहिनी शेजारी लसूण सोलत होती. "ताई, डिसेंबर अजून यायचाय ना?" तीच म्हणाली.

तेव्हापासूनचा नियम: बँकेची सीएसव्ही फाइल दोन क्लिकने उघडायची नाही. उतरवली की मूळ फाइल एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि तिची प्रत सरळ ग्नूकॅशला द्यायची. ओळी सोडायच्या असतील तर तिथल्याच चौकटींत सोडायच्या. स्प्रेडशीट उघडणं भागच असेल तर तारखेचा, चेक नंबरचा आणि खाते क्रमांकाचा रकाना 'मजकूर' म्हणून आत घ्यायचा. नाहीतर चेक नंबरची सुरुवातीची शून्यं जातात आणि लांब खाते क्रमांकाचं मधेच 'ई' असलेलं भलतंच रूप होतं.

बचत खात्याची बँक सीएसव्ही देतच नाही, एक्सेल म्हणून फाइल देते. ती ग्नूकॅश घेत नाही. पण भाच्याने ती साध्या नोटपॅडमध्ये उघडून दाखवली: आत निव्वळ मजकूर, रकान्यांच्या मध्ये टॅब. फाइलीच्या नावातला टिंबानंतरचा भाग बदलून सीएसव्ही केला, विभाजक म्हणून टॅब निवडला आणि सरळ आत आली. तुमची बँक अशी फाइल देत असेल तर आधी नोटपॅडमध्ये डोकावून बघा.

ओएफएक्स नावाचा फाइलीचा प्रकार तुमच्या बँकेत मिळत असेल तर तोच घ्या. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्ट, इंट्युइट आणि चेकफ्री या कंपन्यांनी मिळून तो केला. त्यात प्रत्येक व्यवहाराला बँकेने दिलेला वेगळा क्रमांक असतो, त्यामुळे तीच फाइल चुकून दुसऱ्यांदा घेतली तरी नोंदी दुबार होत नाहीत. तारखेचा क्रमही ठरलेला, वर्ष-महिना-दिवस. आमच्या दोन्ही बँकांत तो नाही.

एक उणीव मात्र स्पष्ट सांगते. घेतलेली फाइल एका बटणाने परत काढता येत नाही. चुकलं तर नोंदी एकेक पुसाव्या लागतात. म्हणून इम्पोर्टच्या आधी मी पुस्तक जतन करते आणि त्याची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवते. ग्नूकॅश स्वतःही दर जतनाला तारीख-वेळेसह जुनी प्रत बाजूला ठेवतं, फोल्डर भरलेला बघून त्या पुसू नका. ऑगस्टच्या घोळात मी शेवटी तशीच एक जुनी प्रत उघडली आणि महिना नव्याने घेतला.

सगळं आत आलं की ताळा. ॲक्शन्समध्ये रिकन्साइल, त्यात स्टेटमेंटची शेवटची तारीख आणि अखेरची शिल्लक टाकायची. डावीकडे आलेले पैसे, उजवीकडे गेलेले, खाली फरक. एकेक नोंदीवर खूण करत जायचं आणि फरक शून्य झाला की 'फिनिश'. वडिलांच्या रोजमेळाइतकंच समाधान मला या शून्याचं आहे.

कुणी घ्यावं, कुणी घेऊ नये? जीएसटीची विवरणपत्रं हे करून देत नाही, तसल्या कामाला बाजारात टॅलीसारखी सॉफ्टवेअर आहेत आणि सीएंनाही तीच ओळखीची. कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राखणारं, ती सोय बंद करता न येणारं सॉफ्टवेअर वापरायचा नियम आहे. त्या कामी ग्नूकॅश चालणार नाही. आमच्यासारखा घरगुती धंदा, एकट्याचा व्यवसाय, किंवा घरखर्च यांना मात्र मी बिनदिक्कत सांगेन. आमच्या सीएंना मी वर्षाअखेर तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) आणि खात्यांचे उतारे छापून देते, त्यांची काही तक्रार नाही. पडद्यावरचे शब्द मराठीतही लावता येतात, पण भाषांतर अर्धवट आहे, एका ओळीत मराठी आणि पुढच्या ओळीत इंग्रजी. मी इंग्रजीच ठेवलंय. मराठीत कीर्द, खतावणी, तेरीज असे तयार शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत, ते कुणीतरी नीट बसून या सॉफ्टवेअरमध्ये घालावेत असं फार वाटतं.

आईच्या पेन्शनचं खातं ज्या बँकेत आहे तिथून मात्र पासवर्ड घातलेली पीडीएफच येते, दुसरं काही नाही. त्यात महिन्याला दहा-बारा नोंदी असतात. त्या मी हातानेच लिहिते. तपशिलाची पहिली दोन अक्षरं टाकली की ग्नूकॅश मागच्या महिन्याची ओळ पुरी करून देतं, रक्कम तेवढी तपासायची. आई शेजारी पासबुक घेऊन बसते आणि आकडा मोठ्याने वाचते.